आडव्या धबधब्यांचा किनारा

धबधबा म्हटला की पाणी वरून खाली पडावयाचे, हे आपण धरूनच चालतो. आंबोलीचा असो, जोगचा असो की सातासमुद्रांपलीकडचा नायगरा असो, पाण्याची चाल सर्वत्र एकच. परंतु ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर, टॅलबट उपसागरात, असे दोन धबधबे आहेत की ज्यांचे पाणी आडवे धावते. आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की, सकाळी ते ज्या दिशेने धावले असेल, त्याच्या नेमक्या उलट दिशेने दुपारी धावू लागते.

हा चमत्कार घडवून आणणारी शक्ती म्हणजे आपली रोजच्या परिचयाची भरती-ओहोटी. मुंबईकडील मोठ्या उधाणाची भरती चार-पाच मीटरांची. आपल्या देशात सर्वांत मोठी भरती पाहावयाची तर खंबातच्या आखातात, भावनगरकडे जावे लागते. तेथे पाणी दहा मीटरांच्या आसपास चढते. किंबर्ली नावाच्या या ऑस्ट्रेलियन किनाऱ्यावर ते अकरा मीटरांच्याही वर जाते. समुद्रतळ किनाऱ्यापासून फार दूरपर्यंत उथळ असल्यामुळे आत येणारी लाट वाढत वाढत जाते, आणि चिंचोळ्या खाड्यांत शिरल्यावर तिला पसरावयास जागा उरत नाही. टॅलबट उपसागरात तर डोंगराच्या दोन समांतर भिंती एकामागे एक उभ्या आहेत, आणि प्रत्येकीत एकच खिंड आहे. एक खिंड सुमारे वीस मीटर रुंद, तर दुसरी त्याहूनही अरुंद. बाहेर समुद्र चढत असतो. आतल्या जलाशयात मात्र तेवढे पाणी तेवढ्या वेळात खिंडीतून जाऊ शकत नाही. त्यामुळे भिंतीच्या एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा चार चार मीटर उंच होऊन बसते, आणि खिंडीतून फेसाळत, घोंगावत निघते. सहा तासांनी समुद्र उतरू लागला की आतले पाणी बाहेर धाव घेते. दोहोंच्या मध्ये काही मिनिटे अशी येतात की, खिंडीतील पाणी विहिरीसारखे निश्चल असते.

हा भूप्रदेश केवढा म्हणाल, तर महाराष्ट्राहून बराच मोठा: चार लाख वीस हजार चौरस किलोमीटरांच्या घरात. आणि वस्ती? चाळीस हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. किनाऱ्याला अडीच हजारांहून अधिक बेटे लागून आहेत. त्यांतील बहुतेकांवर माणसाचे घर नाही. डर्बीपासून विंडमपर्यंतच्या लांबच लांब किनाऱ्यावर समुद्राला भिडणारा धड रस्ता जवळजवळ नाहीच. त्यामुळे हा किनारा पाहावयाचा तर समुद्रातूनच पाहावा लागतो. गेल्या काही दशकांत ही सोय एका विशेष प्रकारच्या जहाजांनी केली आहे. ब्रूम येथे चढावयाचे आणि दहा-अकरा दिवसांनी डार्विनला उतरावयाचे, किंवा याच्या उलट, असा त्यांचा ठराविक क्रम असतो.

इंग्रजी पत्रकांत या प्रवासाला जे नाव दिलेले असते त्याचे मराठी करू गेल्यास ‘विलासी मोहीम’ असे काहीसे होते, आणि तेथे भाषांतरकाराची लेखणी अडखळते. मोहीम म्हटली की मराठी मनाला घोड्याच्या पाठीवरची भाकरी आठवते. विलास म्हटला की मंचक आणि गिरद्या. दोन्ही शब्द शेजारी बसविले तर ‘रेशमी घोंगडे’ म्हटल्यासारखे वाटते. तथापि वस्तुस्थिती तशीच आहे, त्याला शब्द तरी काय करणार! जहाज लहान असते. शंभर-दोनशे उतारू, क्वचित त्याहूनही कमी. तळ उथळ, म्हणजे खाडीत आतपर्यंत जाता यावे. खोल्या वातानुकूलित, जेवण उत्तम हॉटेलातले, समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारी यंत्रे बोटीवरच, आणि काही जहाजांच्या माथ्यावर हेलिकॉप्टरही. सोबतीला भूगर्भशास्त्र, पक्षी, इतिहास यांचे जाणकार असतात. सकाळी उतारूंना हवा भरलेल्या रबरी होड्यांत बसवून खाड्यांत नेतात, आणि दुपारी परत आणून थंड रुमाल हाती देतात. भाडे माणशी दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहूनही अधिक पडू शकते. आपल्या हिशेबाने पाच-सहा लाख रुपये. विमानाचा खर्च निराळा.

इतका पैसा देऊनही एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे समुद्रस्नान. पाणी निळे, कोमट, मोह पाडणारे. पण त्यात पाय घालण्याची सोय नाही. खाऱ्या पाण्यातील मगर येथे राहते. आपल्या भितरकणिकात आणि सुंदरबनात जी आहे, तीच ही जात. मोठा नर पाच-सहा मीटर लांब भरतो. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने ती एके काळी संपत आली होती. १९७० च्या सुमारास संरक्षण मिळाल्यावर पुन्हा वाढली. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांशी चिखलात ती ओंडक्यासारखी पडून असते. त्याच चिखलात छोटे छोटे मासे पंखांवर उड्या मारीत असतात, ते कोकणच्या माणसाला लगेच ओळखू येतील: आपले निवटेच ते.

या जहाजांचा खरा कप्तान भरतीचे वेळापत्रक हाच होय. न्याहारी केव्हा, होड्या केव्हा सोडावयाच्या, कोणत्या खाडीतून किती वाजता बाहेर पडावयाचे, हे सारे चंद्र ठरवितो. मॉन्टगोमरीच्या प्रवाळखडकांपाशी याचे प्रत्यंतर येते. हे पठार सुमारे चारशे चौरस किलोमीटर पसरलेले आहे. भरतीला ते पूर्ण बुडालेले असते, आणि आपण मोकळ्या समुद्रात आहोत असेच वाटते. ओहोटी लागली की समोरचे पाणी जणू उकलू लागते. समुद्रातून जमीन वर येत आहे असा भास होतो. वास्तविक उतरत असतो तो समुद्र. पठारावर साचलेले पाणी कडांवरून शेकडो ओहोळांनी खाली कोसळते, आणि होडीत बसलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या धारांच्या भिंती उभ्या राहतात. कासवे त्या प्रवाहाबरोबर वाहत येतात. बगळे कडेला उभे राहून घसरत येणारे मासे टिपतात. दोन-तीन तासांनी पुन्हा सर्व पाण्याखाली.

जून ते ऑक्टोबर या काळात गेलात, तर कॅम्डन साउंड नावाच्या जलभागात देवमासे दिसण्याचा संभव फार. अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यातून हजारो किलोमीटर पोहत कुबडे देवमासे येथे पिले घालावयास येतात. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते, त्याची आठवण कोणाही गृहिणीला व्हावी. ऑस्ट्रेलियाने या जातीची शिकार १९६३ साली थांबविली, आणि देवमाशांची शिकार एकूणच १९७८ साली बंद झाली. आज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बाजूला येणारा त्यांचा समुदाय जगातील सर्वांत मोठ्या समुदायांत गणला जातो. २०१२ साली कॅम्डन साउंडचे सागरी उद्यान झाले. आईबरोबर पिलू असले की बोटींनी अधिक अंतर राखावे, असा तेथील दंडक आहे.

आता एका झाडाविषयी थोडे सांगावयाचे आहे. किनाऱ्यावर जागोजाग बुडाशी मडक्यासारखे फुगलेले, वर चार वेड्यावाकड्या फांद्या असलेले झाड दिसते. इंग्रजीत त्याला बोआब म्हणतात. आपल्याकडील गोरखचिंचेचे हे सख्खे भावंड. मांडूला गेलेल्या वाचकांनी गोरखचिंचेची प्रचंड झाडे पाहिलीच असतील. मुंबईत आणि वसईकडेही ती आहेत. या कुळाचे मूळ मादागास्कर बेटात असावे, आणि तेथून एक शाखा आफ्रिकेकडे व एक ऑस्ट्रेलियाकडे गेली असावी, असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढला आहे.

यांतील एका झाडाच्या बुंध्यावर अक्षरे आहेत: ‘एच. एम. सी. मर्मेड १८२०’. फिलिप पार्कर किंग हा ब्रिटिश आरमारी अधिकारी या किनाऱ्याचे नकाशे करीत हिंडत होता. त्याचे ‘मर्मेड’ जहाज गळू लागले, तेव्हा एका आडवळणी उपसागरात ते वाळूवर चढवून, कलते करून त्याने दुरुस्त केले. त्या मुक्कामात हे नाव झाडावर कोरण्यात आले. दोनशे वर्षांत झाड वाढले, तशी अक्षरेही रुंदावली. आज ती हातभर अंतरावरून सहज वाचता येतात. जहाजावरून आलेले उतारू येथे छायाचित्रे घेतात. परंतु आपल्या वाचकांनी तेथे उभे राहून आणखी एक गोष्ट आठवावी. हे ‘मर्मेड’ इंग्लंडात बांधलेले नव्हते. ते १८१६ साली हावड्याला, हुगळीच्या काठी, सागवानी लाकडातून बांधले गेले होते. बंगाली सुतारांच्या रंध्याखालून गेलेल्या फळ्यांवर बसून ऑस्ट्रेलियाच्या या निर्जन वाटणाऱ्या किनाऱ्याचे नकाशे झाले, आणि त्या नकाशांवर अर्थातच इंग्रज राजांची, सरदारांची, जहाजावरील वैद्यांची नावे चढली. मॉन्टगोमरी हा किंगच्या पुढील जहाजावरील शल्यवैद्य. डोंगरांच्या एका रांगेला तर पुढे बेल्जमचा राजा लिओपोल्ड याचे नाव देण्यात आले होते. काँगोतील त्याच्या राजवटीत माणसांचे जे हाल झाले, ते इतिहास वाचणाऱ्यास ठाऊकच आहे. २०२० साली ते नाव रद्द होऊन त्या रांगेला तेथील मूळ रहिवाशांच्या भाषांतील ‘वुनामिन मिलिवुंडी’ हे नाव देण्यात आले.

‘निर्जन वाटणाऱ्या’ असे मी मुद्दाम म्हटले. कारण हा किनारा निर्जन कधीच नव्हता. वोरोरा, न्गारिन्यिन, वुनाम्बल, गाम्बेरा असे अनेक समाज येथे फार प्राचीन काळापासून राहत आले आहेत. सुलावेसी बेटातील मकासरचे खलाशीही समुद्रकाकड्या गोळा करण्यासाठी वाऱ्याच्या हंगामात येथे येत. त्यांच्या तोंडी या किनाऱ्याचे नाव ‘कायू जावा’. १६८८ साली इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर येथे उतरला. ज्यांच्यापाशी घर नाही, वस्त्र नाही, शेत नाही, अशी माणसे पाहून त्याने त्यांची गणना जगातील अत्यंत दरिद्री लोकांत केली. त्याचे ग्रंथ युरोपात पुष्कळ वाचले गेले, आणि हे मतही त्यांच्याबरोबर पसरले.

त्या ‘दरिद्री’ लोकांची दौलत पाहावयाची असेल, तर खडकांच्या कपारीत जावे लागते. तेथे वांजिना आहेत. पांढऱ्या रंगावर तांबड्या-काळ्या रेषांनी रंगविलेले मोठमोठे चेहरे, भोवती प्रभावळ, विशाल डोळे, आणि तोंड मुळीच नाही. वांजिना हे मेघांचे आणि पावसाचे अधिष्ठाते. त्यांना तोंड काढले तर पाऊस थांबणारच नाही, असे त्याचे एक कारण सांगतात. ही चित्रे जुन्या वस्तुसंग्रहासारखी पडून राहिलेली नव्हेत. त्यांचा सांभाळ करणारी कुळे ठरलेली असून, रंग फिका पडला की ते पुन्हा भरण्याचा त्यांचा परिपाठ आहे. जॉर्ज ग्रे या इंग्रज प्रवाशाने १८३८ साली अशी चित्रे पाहिली, तेव्हा ती येथील लोकांनी काढली असतील यावर त्याचा विश्वासच बसेना! सिडनीला २००० साली ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी उद्घाटनाच्या सोहळ्यात वांजिनाची प्रचंड आकृती साऱ्या जगाने पाहिली.

वांजिनांहूनही जुनी अशी दुसरी चित्रे आहेत. सडपातळ मानवाकृती, डोक्यावर लांब शिरोभूषणे, कमरेला गोंडे. त्यांना ग्विऑन ग्विऑन म्हणतात. त्यांचे वय काढण्याची युक्ती मोठी मजेदार आहे. कुंभारीण माशी भिंतीवर चिखलाचे घर करते, हे आपण घरोघर पाहतो. खडकावरील चित्रांच्या वर आणि खालीही अशी जुनी घरटी सापडतात, आणि त्या मातीत अडकलेल्या कोळशाच्या कणांवरून त्यांचे वय काढता येते. चित्र वरच्या घरट्याहून जुने आणि खालच्याहून नवे, हा साधा हिशेब. या रीतीने २०२० साली बहुतेक ग्विऑन चित्रे सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीची ठरली. पुढच्याच वर्षी एका कांगारूच्या चित्राचे वय सुमारे १७ हजार ३०० वर्षे निघाले.

या कपारींपर्यंत उतारूंना नेतात, पण सर्वच ठिकाणी नेत नाहीत, आणि नेऊही नये. १९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात निर्णय दिला की, इंग्रज आले तेव्हा हा देश बेवारशी नव्हता. त्या निर्णयानंतर झालेल्या कायद्याने किंबर्लीतील दांबिमांगारी आणि वुनाम्बल-गाम्बेरा या समाजांचा जमिनीवरील हक्क २०११ साली मान्य झाला. पूर्वेकडील बालंगारा समाजाचा २०१३ साली. आज वुनाम्बल-गाम्बेरा लोकांच्या भूमीवर पाऊल ठेवावयाचे तर त्यांच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे जमिनीची व चित्रांची निगा राखण्याकडे जातात. फ्रेशवॉटर कोव्ह नावाच्या ठिकाणी वोरोरा लोक येणाऱ्याच्या गालावर गेरूचे बोट ओढून त्याला आत घेतात. दारात आलेल्या पाहुणीला कुंकू लावण्याची चाल ज्या घरात आहे, त्या घरातील माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची जरूर नाही.

आडव्या धबधब्यांच्या बाबतीत मात्र यजमान आणि पाहुणे यांच्यात खटका उडाला आहे. मोठ्या यंत्रांच्या वेगवान होड्या उतारूंना घेऊन त्या खिंडींतून आरपार जातात. पुष्कळांच्या दृष्टीने सहलीतील परमोच्च क्षण तोच. दांबिमांगारी लोकांच्या श्रद्धेप्रमाणे ही जागा पवित्र आहे, आणि खिंडीतून असे धावून जाणे त्यांना रुचत नाही. २०२२ च्या मे महिन्यात एक होडी तेथील खडकावर आदळून अनेक उतारू जखमी झाले. पुढे २०२४ साली असे जाहीर झाले की, २०२८ पासून खिंडींतून होड्या नेणे बंद व्हावे. यावर बरीच ओरड झाली. पोटावर पाय येईल असे व्यवसाय करणारे म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ब्रूम आणि डर्बीतील कित्येक घरांची चूल या हंगामावर पेटते. परंतु धबधबा कोणी झाकून ठेवणार नाही. खिंडीसमोर होडी उभी करून तो पाहता येईल, विमानातून पाहता येईल. देवळात गेल्यावर गाभाऱ्याबाहेरून दर्शन घेणाऱ्या आपल्या लोकांना तरी यात काही हरपले असे वाटू नये. उलट माझे तर असे मत आहे की, तीन धक्के खात, डोळे मिटून पार होण्यापेक्षा पाऊण तास स्तब्ध राहून ते पाणी दिशा बदलताना पाहण्यात अधिक लाभ आहे.

जहाज पूर्वेकडे जाऊ लागले की १९४२ च्या युद्धाच्या खुणा भेटतात. व्हॅन्सिटार्ट उपसागराजवळ खारट सपाटीवर एक अमेरिकन लष्करी विमान अजून पडून आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये वाट चुकून ते तेथे उतरले, आणि आतली सर्व माणसे वाचली. सर्वांचे नशीब तसे नव्हते. ३ मार्च १९४२ रोजी जपानी विमानांनी ब्रूमवर हल्ला केला, तेव्हा जावाहून पळून आलेली डच कुटुंबे बंदरातील सागरी विमानांत बसलेली होती. १५ सागरी विमाने जळाली आणि किमान ८८ माणसे दगावली. त्यांत बायका-मुले पुष्कळ. मोठ्या ओहोटीला त्या विमानांचे सांगाडे ब्रूमच्या चिखलात आजही उघडे पडतात. तेथपर्यंत चालत जाता येते, मात्र वेळ पाहून परतावे लागते. 

पुढे किंग जॉर्ज नदीच्या मुखातून आत गेल्यावर तांबड्या कड्यांच्या गल्लीच्या टोकाला जुळे धबधबे लागतात. हे मात्र आपल्या ओळखीचे, उभे. उंची सुमारे ८० मीटर. पावसाळा संपता संपता गेलात तर त्यांचा गर्जना ऐकू येते. सप्टेंबरपर्यंत नुसत्या काळ्या रेघा उरतात. म्हणून एप्रिल-मे धबधब्यांसाठी आणि ऑगस्ट देवमाशांसाठी, असे जाणते लोक सांगतात. नोव्हेंबरपासून वादळी पावसाचे दिवस. तेव्हा जहाजे येतच नाहीत.

या धबधब्यांपासून पूर्वेला केप बर्नियरकडील किनारा उतारूंना जहाजाच्या कठड्यावरूनच दाखवितात, कारण तेथे पाहण्यासारखे काही नाही. तरी मला या साऱ्या प्रवासात तेच ठिकाण महत्त्वाचे वाटते. मे १९३२ मध्ये हान्स बर्ट्राम आणि अॅडॉल्फ क्लाउसमान हे दोन जर्मन वैमानिक तिमोरहून डार्विनकडे येत असता वादळात भरकटले, आणि त्यांचे ‘अटलांटिस’ हे सागरी विमान या बाजूला उतरले. इंधन संपलेले, अन्न नाही, पाणी नाही. यंत्र थंड ठेवण्यासाठी भरलेले पाणी त्यांनी पिऊन काढले. विमानाचा एक तरंडा सोडवून त्याची होडी केली आणि समुद्रात ढकलली. समुद्राने त्यांना पुन्हा याच खडकांवर आणून टाकले. दोघेही शिकलेले, धाडसी, अर्ध्या जगावरून उडत आलेले; पण या किनाऱ्यावर काय खावे आणि पाणी कोठे शोधावे, हे त्यांना ठाऊक नव्हते. सुमारे चाळीस दिवस असे गेले. शेवटी ते एका कपारीत मृत्यूची वाट पाहत पडले असता आदिवासींच्या दृष्टीस पडले. त्या लोकांनी त्यांना अन्नपाणी दिले, मिशनच्या ठाण्याकडे निरोप पोहोचविला आणि त्यांचे प्राण वाचविले. क्लाउसमानच्या मनावर या दिवसांचा खोल आघात झाला. बर्ट्रामने पुढे या अनुभवावर ग्रंथ लिहिला आणि तो पुष्कळ खपला. डॅम्पियरने ज्यांना दरिद्री ठरविले होते, त्यांच्याच घरी हे दोघे उपाशी मरत होते. आणि ते घर भरलेले होते. तिवरांत खेकडे होते, खडकांना कालवे होती, झऱ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. फक्त माहीत असावयास हवे.

जहाजावर रात्रीच्या जेवणात कालवे बर्फावर मांडून येतात. असो.

ब्रूमविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बहुतेक उतारू तेथे एक रात्र काढून निघून जातात. हे गाव शिंपल्यांवर उभे राहिले. मोती क्वचित मिळे. खरा व्यापार शिंपल्याच्या चकाकत्या कवचाचा होता. आपल्या आजोबांच्या कोटाची गुंडी ज्या शिंपल्याची असे, तो शिंपला कदाचित याच समुद्रतळातून आलेला असेल. १९१० च्या सुमारास येथे सुमारे चारशे शिडाच्या बोटी होत्या. आरंभी आदिवासी स्त्री-पुरुषांना बळजबरीने धरून आणून पाण्यात बुड्या मारावयास लावीत. गरोदर स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ ब्रूमच्या किनाऱ्यावर एका गरोदर पाणबुड्या स्त्रीचा पुतळा उभारला आहे: ती पाण्यातून वर येते आहे आणि हातात शिंपला आहे. पुढे पोषाख घालून खोल जाणारे जपानी पाणबुडे आले. वातरोगाने, वादळांनी, बुडून जे मेले, त्यांतील नऊशेंहून अधिक जण येथील जपानी स्मशानभूमीत आहेत. त्यांच्या समाधीचे दगड बहुतांशी याच किनाऱ्यावरचे, ओबडधोबड, तांबूस. प्लॅस्टिकच्या गुंड्या आल्या आणि हा धंदा बसला. १९५६ साली कुरी बे येथे मोत्यांची शेती सुरू झाली, तेव्हापासून दुकानांतील काचेखाली मखमलीवर जे दिसते ते त्या शेतीचे पीक होय.

ज्यांना जहाजाचे भाडे परवडत नाही (आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते परवडणार नाही), त्यांच्यासाठी ब्रूममध्ये एक देखावा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मार्च ते ऑक्टोबर या महिन्यांत पौर्णिमेच्या लगतच्या दोन-तीन रात्री, मोठी ओहोटी लागलेली असताना, रोबक उपसागराच्या चिखलावरून चंद्र उगवतो. चिखलातील पाण्याच्या पट्ट्यांवर त्याचे प्रतिबिंब तुटक तुटक पडते, आणि किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत सोनेरी पायऱ्यांचा जिना लागल्यासारखा दिसतो. तारखा आणि वेळा गावात आधीच छापून लावलेल्या असतात. लोक मुलाबाळांसह चटया घेऊन येतात, खाण्याच्या हातगाड्या लागतात. जिना साधारण वीस मिनिटे टिकतो. मग चंद्र वर चढतो आणि पायऱ्या एकेक करून पुसल्या जातात.